जुन्या इमारतीला नवा नियम: रोनन पॉइंट ते ग्रेनफेल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जिथे फाटे फुटले, तिथे थोडी छाटणी केली आहे.

आजचा प्रश्न असा. एखादी इमारत बांधली तेव्हा ती त्या वेळच्या नियमांत बसत होती. पुढे नियम बदलले, कडक झाले. मग त्या जुन्या इमारतीचं काय? तिला नवा नियम लागू होतो का? आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? हा प्रश्न जगातल्या प्रत्येक शहरात आहे. पण तो न सोडवल्याने काय होतं, याचा सगळ्यात नीट नोंदलेला इतिहास इंग्लंडमध्ये सापडतो, म्हणून आज आपण तिकडे जाणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये घरांची भयंकर टंचाई होती. १९५६ च्या कायद्याने सरकारी अनुदान इमारतीच्या उंचीशी जोडलं. जितके मजले जास्त, तितकं अनुदान जास्त. साहजिकच नगरपालिकांनी टॉवर उभारायचा सपाटा लावला. या टॉवरना बहुतेक वेळा जिना एकच असायचा. त्यामागे एक विचार होता. प्रत्येक फ्लॅट म्हणजे काँक्रीटची बंद पेटी. एका पेटीत आग लागली तर ती तासभर तरी तिथेच राहील आणि तोवर बंब पोहोचेल. म्हणून बाकीच्यांनी घरातच थांबावं. १९६२ च्या बांधकाम संहितेत हा विचार पक्का झाला आणि 'घरातच थांबा' हा सल्ला त्यातूनच आला.

विचार चुकीचा नव्हता, हे आधी सांगतो. शेकडो आगी खरंच एका फ्लॅटमध्येच विझल्या. पण या सल्ल्याला एक अट आहे: पेटी शेवटपर्यंत पेटीच राहिली पाहिजे.

आता १६ मे १९६८ कडे येऊ. पूर्व लंडनमधला रोनन पॉइंट हा २२ मजली टॉवर. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरची एक बाई चहा करायला उठली आणि तिने काडी ओढली. घरात गॅस साठलेला होता. स्फोट झाला आणि भिंतीचं पॅनेल बाहेर फेकलं गेलं. हा टॉवर कारखान्यात ओतलेली काँक्रीटची पॅनेलं एकमेकांवर रचून उभा केलेला, पत्त्यांच्या घरासारखा. एक पॅनेल गेल्यावर वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचेही. इमारतीचा एक अख्खा कोपरा कोसळला. चार माणसं गेली. ती बाई मात्र वाचली.

चौकशी झाली. १९७० मध्ये नियम बदलले: पाच किंवा त्याहून जास्त मजल्यांच्या इमारतीत एक भाग निकामी झाला तरी बाकीची इमारत ढासळता कामा नये. पण हा नियम नव्या इमारतींसाठी होता. अशाच पॅनेलांचे आधी उभे राहिलेले टॉवर होतेच. त्यांच्याबद्दल सूचना निघाल्या: तपासा, मजबूत करा, नाहीतर गॅस काढून टाका. खुद्द रोनन पॉइंटचा कोपरा परत बांधला आणि तिथे परत लोक राहायला गेले! सॅम वेब नावाचे वास्तुविशारद वर्षानुवर्षं सांगत राहिले की ही इमारत सुरक्षित नाही. शेवटी १९८६ मध्ये ती मजला-मजला करून उतरवली, तेव्हा सांध्यांचं काम किती वाईट झालं होतं ते दिसलं.

आणि त्या सूचनांचं काय झालं? २०१७ मध्ये लंडनच्या सदर्क भागातल्या लेडबरी वसाहतीतले रहिवासी भिंतींमधल्या भेगा दाखवत होते. तपास झाला. तेही पॅनेलांचेच टॉवर निघाले आणि त्यांत गॅसजोडण्या चालू होत्या. रोनन पॉइंटला तोवर ४९ वर्षं झाली होती. सूचना काढणं आणि ती अमलात आली की नाही हे जाऊन बघणं, यांत एवढं अंतर पडू शकतं.

आता आगीकडे वळतो. १९८०-९० च्या दशकांत हे जुने टॉवर थंड, ओलसर आणि गळके झाले होते. उपाय म्हणून बाहेरून नवं आवरण चढवायला सुरुवात झाली. त्याला क्लॅडिंग म्हणतात. १९९१ मध्ये लिव्हरपूलजवळच्या नोस्ली हाइट्समध्ये आग या आवरणाच्या मागच्या पोकळीतून थेट वरपर्यंत चढली. नशिबाने कोणी दगावलं नाही. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या गार्नॉक कोर्टमध्ये आग बाहेरच्या बाजूने वर गेली आणि एकाचा मृत्यू झाला. संसदेच्या समितीने या प्रकाराची दखल घेतली आणि खूप माणसं मरायची वाट बघू नका, अशा अर्थाचा इशारा दिला.

मग ३ जुलै २००९, लाकनाल हाउस, १४ मजले. नवव्या मजल्यावर टीव्हीमुळे आग लागली. खिडक्यांखालची पॅनेलं काही वर्षांपूर्वीच बदललेली होती. ती काही मिनिटांत जळली आणि आग वर गेली. अकराव्या मजल्यावर सहा जण मरण पावले, त्यांत तीन लहान मुलं. त्यांना घरातच थांबायला सांगितलं होतं. २०१३ मध्ये कॉरोनरने मंत्र्यांना पत्र लिहिलं: अग्निसुरक्षेची मार्गदर्शिका सोपी आणि स्पष्ट करा, जुन्या टॉवरमध्ये स्प्रिंकलर बसवायला प्रोत्साहन द्या. मार्गदर्शिकेचं ते काम पुरं व्हायच्या आत १४ जून २०१७ ची रात्र आली.

ग्रेनफेल टॉवर, २४ मजले, जिना एकच. १९७४ मध्ये बांधून झालेला, काँक्रीटचा. २०१६ मध्ये नूतनीकरण संपलं आणि त्यात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीन भरलेलं आवरण बाहेरून चढवलं. चौथ्या मजल्यावर फ्रिजपासून आग लागली. पहिला फोन रात्री १२:५४ ला. आग खिडकीतून आवरणाला लागली आणि अर्ध्या तासाच्या आसपास छतापर्यंत पोहोचली. 'घरातच थांबा' हा सल्ला मागे घेतला तेव्हा २:४७ झाले होते. ७२ माणसं गेली. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालात चौकशी समितीने म्हटलं की हे सगळे मृत्यू टाळता आले असते.

इथे मला एका नियमावर थांबायचं आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत जुन्या इमारतीत बदल करताना एक साधी अट आहे: जो भाग आजच्या नियमात बसत नाही, तो निदान आधीपेक्षा वाईट करू नका. शहाणपणाची अट आहे. पण ती पाळली गेली की नाही, हे कळायला आधी काय होतं याची नोंद हवी आणि बदलानंतर कोणीतरी तपासायला हवं. काँक्रीटच्या भिंतीवर पेट घेणारं आवरण चढवणं म्हणजे ती भिंत वाईट करणं, हे शाळकरी पोरालाही कळेल. तरीही सल्लागार, ठेकेदार, पालिकेचा निरीक्षक अशा सगळ्यांच्या हातांतून ते काम पुढे गेलं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने बघितलं असेल.

यानंतर खर्चाचा प्रश्न आला. देशभर हजारो फ्लॅटधारकांना कळलं की आपल्याही इमारतीवर तसंच काहीतरी आहे. घर विकता येईना, कर्ज मिळेना, रात्रभर मजल्या-मजल्यावर गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यांचा पगारही त्यांच्याच माथी. २०२२ च्या कायद्याने क्लॅडिंगच्या बिलांपासून बऱ्याच जणांना संरक्षण दिलं आणि जुन्या सदोष कामासाठी बिल्डरवर दावा लावायची मुदत मागे ३० वर्षांपर्यंत नेली. म्हणजे कायदा मागे वळून बघू शकतो. त्याला वळायला पाच वर्षं लागली, एवढंच.

आता आपल्याकडे येतो, कारण ऐकणारे बरेच जण सोसायटीत राहतात. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा. त्यात जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर आहे, म्हणजे बिल्डर निघून गेल्यावर ती आपल्यावर येते. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून 'फॉर्म बी' वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. कागदावर ही तरतूद चांगली आहे.

पण पुढच्या सर्वसाधारण सभेत फॉर्म बी दिला का, एवढंच विचारून थांबू नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं त्या दिवसापासून इमारतीत काय काय बदललं, तेही विचारा. डक्टमध्ये नव्या केबल किती आल्या आणि मजल्या-मजल्याची भोकं बुजवली का? जिन्यात चपलांची कपाटं आली का? गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे? रेफ्यूज एरियात काय ठेवलंय? घरोघरी एसी आले, पण मीटरची खोली तेवढीच आहे का? समोरच्या बाजूला नवी पॅनेलं लावली असतील तर त्यात काय भरलंय? ही यादी करून कमिटीला लेखी द्या आणि उत्तरही लेखी मागा.

ग्रेनफेलच्या रहिवाशांनीही लिहिलं होतं, आगीच्या आधी, पुन्हा पुन्हा. त्यांना कटकटे ठरवलं गेलं. तुमच्या सोसायटीतही असा एखादा कटकट्या मेंबर असेलच. पुढच्या सभेत त्याला पाच मिनिटं बोलू द्या.

भेटू पुढच्या भागात.