रोव्हर्स चषकाचा १९३७ चा हंगाम : मुंबई बंदराच्या दोन तीरांवरून

मुंबईच्या क्रीडेतिहासाचा विषय निघाला की आपल्या अभ्यासकांची दृष्टी बहुधा क्रिकेटवर खिळते. पारशांच्या जिमखान्यापासून पंचरंगी सामन्यांपर्यंतचा वृत्तांत आज बऱ्यापैकी ज्ञात आहे. त्याच शहरात, त्याच काळात, १८९१ पासून फुटबॉलची एक बाद पद्धतीची चषकस्पर्धा भरत होती आणि एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, मधले काही खंड वगळता, ती भरत राहिली, याची मात्र आपल्या इतिहासलेखनात फारशी दखल घेतलेली आढळत नाही. ही स्पर्धा म्हणजे रोव्हर्स चषक. मुंबई बंदराच्या पलीकडच्या तीरावर, उरण-पनवेलच्या बाजूस, तर या स्पर्धेची आठवण शोधूनही सापडणे कठीण. प्रस्तुत लेखात या स्पर्धेच्या १९३७ च्या हंगामाचा विचार करावयाचा आहे. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्स हा संघ रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला हिंदी नागरी संघ ठरला.

या घटनेचे वर्णन सामान्यतः ‘गोऱ्यांवरील विजय’ असे करण्यात येते. हे वर्णन खोटे नाही. पण ते अपुरे आहे आणि काही अंशी दिशाभूल करणारेही आहे. गोऱ्या पलटणीला हिंदी संघाने हरविण्याची गोष्ट १९३७ पर्यंत जुनी झाली होती. कलकत्त्यात शोभाबाजार संघाने १८९२ मध्येच ट्रेड्स चषकाच्या सामन्यात ईस्ट सरे पलटणीला नमविले होते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. म्हणजे कलकत्त्यात जे १९११ मध्ये घडले ते मुंबईत घडण्यास आणखी सव्वीस वर्षे लागली. खरा प्रश्न आहे तो या विलंबाचा.

विलंबाचे कारण खेळाडूंच्या कौशल्यात शोधण्यापूर्वी स्पर्धेच्या दाराकडे पाहिले पाहिजे. हिंदुस्थानातील पहिल्या मोठ्या चषकस्पर्धा लष्करी छावण्यांच्या आश्रयाने वाढल्या. ड्युरँड चषक १८८८ मध्ये सिमल्यास सुरू झाला आणि त्याचे पहिले जेते रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स होते. रोव्हर्सचा पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने नेला. बाद पद्धतीच्या स्पर्धेचा नियम वरकरणी अत्यंत समतेचा असतो. जो हरला तो गेला. मागील कीर्ती, हुद्दा, वर्ण यांपैकी काहीही त्याला वाचवू शकत नाही. परंतु ही समता मैदानाच्या रेषेच्या आतली आहे. रेषेच्या आत कोणास येऊ द्यावयाचे हे चिटणीसांच्या टेबलावर ठरते, आणि तेथे बाद पद्धती लागू नसते. शील्ड जिंकलेल्या मोहन बागानला रोव्हर्सचे निमंत्रण मिळण्यास १९२३ साल उजाडले, ड्युरँडचे निमंत्रण मिळण्यास १९२५. एवढ्या दोन तारखा पुरेशा बोलक्या आहेत.

१९२३ चा तो हंगाम येथे थोडा पाहावयास हवा. मोहन बागान मुंबईस आला आणि पहिल्याच वेळी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला चार विरुद्ध एक असे हरविले. निकालाच्या तक्त्यात ही पराभवाची नोंद आहे; इतिहासाच्या दृष्टीने मात्र १९३७ च्या विजयाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व तिला द्यावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण एकदा नागरी हिंदी संघास बोलावले, तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि त्याला पाहण्यास लोक जमले, की त्यानंतर दार पुन्हा पूर्वीसारखे मिटणे शक्य नव्हते. योगायोग असा की त्याच १९२३ मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू संघाचे नेतृत्व पळवणकर विठ्ठल यांच्याकडे आले, आणि त्याच वर्षी बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूच्या नव्या नियमांनुसार स्पर्धा भरविली. एका वर्षात तीन खेळांच्या तीन दारांवर तीन निरनिराळ्या प्रकारची थाप पडली. या तिन्हींचा परस्परसंबंध दाखविण्याचा मोह आवरावा हेच बरे. पण खेळाच्या मैदानावर ‘कोण’ हा प्रश्न ‘कसे’ या प्रश्नाइतकाच मोठा होत चालला होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

आता बंगलोरकडे वळू. हा विजय कलकत्त्याच्या नव्हे, मुंबईच्याही नव्हे, तर बंगलोरच्या संघाला मिळावा याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. बंगलोरचे ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ म्हैसूर संस्थानाच्या भूमीवर असूनही १९४७ पर्यंत ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलाखाली होते. दक्षिणेतील ती मोठी छावणी. छावणीच्या आसपास वाढणाऱ्या तरुणांना पलटणींचे संघ वर्तमानपत्रातून नव्हे, तर प्रत्यक्ष समोरच्या मैदानावर भेटत. त्यांची धक्काबुक्की, त्यांची लांब फेक, बूट घालून चिखलात उभे राहण्याची त्यांची रीत, हे सारे नित्य परिचयाचे होते. कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली, तेव्हा त्या संघाच्या बांधणीत बंगलोरहून आणलेल्या खेळाडूंचा आणि ओल्या मैदानावर बूट वापरण्याच्या निर्णयाचा वाटा मोठा होता. म्हणजे कलकत्त्याचा संघ जे गुण विकत घेत होता ते बंगलोरच्या स्वतःच्या संघात घरचेच होते. १९३८ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक राखला, यावरून आदल्या वर्षीचे यश नशिबाच्या एखाद्या चेंडूचे नव्हते हे सिद्ध होते.

या संघाच्या नावाविषयी मात्र सावध राहावयास हवे. १९३७ हे वर्ष विभक्त मतदारसंघांच्या निवडणुकांचे. १९ जुलै रोजी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याच वर्षी चौरंगी क्रिकेट सामने पंचरंगी झाले आणि नव्या ब्रेबर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने त्यांतून अंग काढून घेतले. अशा वर्षी एका धर्माचे नाव धारण करणारा संघ मुंबईत येऊन चषक नेतो, तेव्हा ही घटनाही त्याच जातीय चौकटीत बसविण्याकडे अभ्यासकाची लेखणी सहज वळते. तसे करणे चुकीचे ठरेल. पंचरंगी सामन्यांत प्रत्येक संघ एका समाजाचा प्रतिनिधी म्हणूनच उतरे. त्यामुळे प्रत्येक सामना रचनेनेच दोन समाजांमधला होई, आणि डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली ती याच रचनेबद्दल. रोव्हर्सची रचना वेगळी होती. तेथे पलटण, क्लब, पुढे कारखाने आणि पोलीस असे नाना प्रकारचे संघ एकाच तक्त्यात उतरत, आणि कोणाची गाठ कोणाशी पडणार हे चिठ्ठ्यांवर अवलंबून असे. ‘मुस्लिम्स’ हे येथे क्लबाचे नाव होते, मतदारसंघाचे नव्हे. अर्थात नावाला काहीच अर्थ नव्हता असेही म्हणता येणार नाही. मोहम्मेडन स्पोर्टिंगच्या विजयांनी देशभरच्या मुसलमान समाजात जो उत्साह उसळला तो सर्वश्रुत आहे. परंतु नाव हा प्रेक्षकांच्या मनाचा पुरावा नव्हे. टाळ्या कोणी वाजविल्या हे नावावरून ठरवू नये.

आणखी एक घटना या हंगामाशी जोडून पाहिली पाहिजे. २३ जून १९३७ रोजी सिमल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. कलकत्ता आणि इतर प्रांत यांच्यातील बराच काळ चाललेला वाद त्यायोगे निदान कागदावर मिटला. राष्ट्रीय संस्था कागदावर जन्माला आली त्याच वर्षी कूपरेजच्या मैदानावर दक्षिणेच्या संघाने पश्चिमेचा चषक जिंकला. राष्ट्रीय स्पर्धा म्हणून प्रांतांसाठी संतोष चषक सुरू झाला तो १९४१ मध्ये; पण क्लबांच्या पातळीवर निरनिराळे प्रांत एकमेकांस आजमावू लागले ते रोव्हर्स आणि ड्युरँड या जुन्या लष्करी स्पर्धांतूनच. राष्ट्रीयत्वाचा हा साचा सैन्याने बनविला होता. तो रिकामा करून त्यात दुसरा माल भरण्याचे काम नागरी संघांनी केले. (कूपरेज हे नावच पिंपे बनविणाऱ्या जुन्या कारखान्यावरून आलेले आहे, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.)

आता बंदराचा दुसरा तीर. उरण त्या काळी कुलाबा जिल्ह्यात, पनवेल तालुक्याशी निगडित होते. मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणारा हा प्रदेश मुंबईच्या दृष्टिपथात होता, मुंबईच्या खेळात मात्र नव्हता. याचे एक कारण अगदी साधे आहे. मुंबईचा फुटबॉल हा मुख्यतः पावसाळी खेळ. आणि मोऱ्याहून मुंबईस होणारी जलवाहतूक पावसाळ्यातच सर्वांत बेभरवशाची. शिवाय पावसाळा म्हणजे लावणीचे दिवस. हातात वेळ नाही आणि समुद्रावर वाट नाही, अशा ऋतूत चालणारा खेळ पैलतीरावर रुजणार कसा? उरणच्या गावांतून रुजला आणि टिकला तो हुतूतू. त्याला ना बूट लागत, ना चेंडू, ना छावणी.

दुसरे कारण अधिक खोल आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. त्या आंदोलनाच्या वर्षी मुंबईचे चौरंगी सामने बंद पडले ते १९३३ पर्यंत सुरू झाले नाहीत. कलकत्त्याची फुटबॉल लीगही अर्धवट राहिली. शहरात राजकारणाने खेळ थांबविला, असे आपण म्हणतो. कुलाबा जिल्ह्यात थांबविण्यासारखा खेळच नव्हता. तेथे बंदूक हातात घेतलेला सरकारी शिपाई हा प्रतिस्पर्धी संघाचा बचावपटू म्हणून कधी भेटलाच नव्हता. बंगलोरच्या छावणीतील तरुण आणि चिरनेरचा शेतकरी यांच्या साम्राज्यविषयक अनुभवातील हा फरक लहान नव्हे. १९३७ च्या पावसाळ्यातही या जिल्ह्याचे लक्ष दुसरीकडे होते. १९३३ साली सुरू झालेला चरीच्या शेतकऱ्यांचा संप अद्याप चालू होता, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. ज्याला आपल्या शेतात टिकून राहण्याची शाश्वती नाही त्याला कूपरेजवरचा निकाल दूरचाच वाटणार. मराठी स्मृतीत रोव्हर्सला स्थान का नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर खुद्द मुंबईत आहे. या शहराने मैदान दिले, प्रेक्षक दिले, तिकिटांचे पैसे दिले. जेता मात्र दिला नाही. १९४० मध्ये चषक कलकत्त्यास गेला : मोहम्मेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात बंगलोर मुस्लिम्सलाच हरविले. दोन हिंदी नागरी संघ समोरासमोर आणि पलटणी प्रेक्षकांत, हे दृश्य १९२३ नंतर सतरा वर्षांत उभे राहिले. त्याच वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंगने दिल्लीत रॉयल वॉरविकशायर पलटणीला हरवून ड्युरँडही जिंकला. महायुद्धाच्या वर्षांत गोऱ्या लष्करी संघांनी रोव्हर्सवर पुन्हा नाव कोरले, ते अखेरचे. १९४८ मध्ये बंगलोर मुस्लिम्स तिसऱ्यांदा जिंकले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे चषक हैदराबाद पोलिसांकडे राहिला. मुंबईच्या प्रांतिक संघाने १९५४ मध्ये संतोष चषक मिळविला खरा, पण रोव्हर्सवर मुंबईच्या एखाद्या नागरी क्लबाचे नाव लागण्यास १९५८ साल यावे लागले, आणि तो क्लबही मोहल्ल्याचा, गिरणगावाचा किंवा जिमखान्याचा नव्हता. तो होता कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या नोकरांचा संघ.