आज्ञा आणि वाहन

संकटांच्या इतिहासांत दोन प्रकारचे प्रमाद आढळतात. संकट येत आहे हें ठाऊकच नसल्यामुळें घडलेले, हा पहिला प्रकार. आणि तें पुरतेपणीं ठाऊक असूनहि घडलेले, हा दुसरा. पहिल्याविषयीं इतिहासकारास हळहळ वाटते. दुसऱ्याविषयीं त्यास जाब विचारावा लागतो. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर या दोन्ही प्रकारांचीं ठळक उदाहरणें सांपडतात. १९०० सालच्या सप्टेंबरच्या ८ तारखेस टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन हें बेटावर वसलेलें भरभराटीचें बंदर चक्रीवादळाच्या लाटेखालीं गेलें व कमींत कमी ६,००० माणसें प्राणांस मुकलीं. त्या काळीं भर समुद्रांतील जहाजांजवळ बिनतारी यंत्र नव्हतें, आकाशांत उपग्रह नव्हते, आणि तेथील हवामानखात्याचे अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीं तर १८९१ मध्येंच वर्तमानपत्रांत लिहिलें होतें कीं, या शहरानें वादळाचें भय बाळगणें हा निव्वळ भ्रम होय. तेथें अज्ञानानें माणसें मारलीं. परंतु १०५ वर्षांनंतर न्यू ऑर्लिन्स शहरांत जें घडलें, त्यास अज्ञानाचें पांघरूण घालतां येत नाहीं. तेंच प्रकरण आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम त्या शहराची घडण ध्यानांत घ्यावयास हवी. फ्रेंचांनीं १७१८ मध्यें वसविलेलें हें शहर एका बशींत बसल्यासारखें आहे. एका अंगास मिसिसिपी नदी, दुसऱ्या अंगास पाँचरट्रेन सरोवर, आणि मध्यें समुद्रसपाटीच्याहि खालीं गेलेली जमीन. पावसाचें पाणीसुद्धां तेथें आपोआप वाहून जात नाहीं. तें पंपांनीं उपसून कालव्यांत टाकावें लागतें. शहराचें सारें आयुष्य बांधांच्या भरंवशावर. आणि त्या बांधांच्या आठवणी सर्व नागरिकांस सारख्या नव्हत्या. १९२७ च्या महापुरांत न्यू ऑर्लिन्स वांचावें म्हणून शहराच्या खालच्या बाजूस कार्नार्व्हन येथें नदीचा बांध सुरुंग लावून फोडण्यांत आला व तेथील गरीब वस्तीवर पाणी सोडण्यांत आलें. १९६५ मध्यें बेट्सी या वादळानें शहराच्या पूर्वेकडील 'लोअर नाइन्थ वॉर्ड' हा बहुतांशीं कृष्णवर्णीयांचा भाग बुडाला, तेव्हां आपलाहि बांध मुद्दाम फोडला अशी बोलवा तेथें उठली. या बोलवेस पुरावा नव्हता. परंतु एकदां खरोखर घडलेल्या गोष्टीची छाया पुढील पिढ्यांच्या मनावर कशी पडते, याचें तें चांगलें उदाहरण आहे. बेट्सीनंतर पुष्कळ घरांतून वडील माणसें सांगत असत कीं, माळ्यावर एक कुऱ्हाड ठेवावी. पाणी चढलें तर छप्पर फोडून वर निघतां येईल. सरकारच्या नोटिसीपेक्षां या कुऱ्हाडीवर ज्यांचा अधिक विश्वास, अशा प्रजेवर आज्ञा करावयाची होती, हें विसरतां कामा नये.

आतां कोणास काय ठाऊक होतें तें पाहूं. २००० च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती सुमारें ४,८५,००० होती. तींतील चतुर्थांशाहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखालीं होते. ज्यांच्याजवळ स्वतःचें वाहन नाहीं असे सुमारें १,००,००० नागरिक आहेत, हें शहराच्या स्वतःच्या आपत्काल-योजनेंतच नमूद होतें. २००४ च्या जुलैंत संयुक्त सरकारच्या आपत्ति-निवारण खात्यानें 'पॅम' या कल्पित वादळाची रंगीत तालीम लुइझियाना राज्यांत केली. शहर पाण्याखालीं जाईल व मृतांची संख्या ६०,००० पर्यंत जाईल, असा तिचा अंदाज निघाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत आयव्हन वादळाच्या भयानें लोक निघाले, तेव्हां महामार्गांवर मोटारींची न भूतो अशी कोंडी झाली. तेव्हां संकटाची कल्पना, संकटाची सीमा आणि असहाय माणसांची मोजदाद, हीं तिन्ही सरकारी दफ्तरांत हजर होतीं.

या मोजदादीचें पुढें काय झालें? आयव्हनच्या अनुभवावरून राज्यानें महामार्गांची व्यवस्था सुधारली. दोन्ही बाजूंच्या मार्गिका शहराबाहेर जाण्यासाठींच खुल्या करण्याची योजना नीट आंखली. म्हणजे ज्यांच्याजवळ मोटार होती त्यांची सोय झाली. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांच्यासाठीं एप्रिल २००५ मध्यें राज्याच्या वाहतूक-खात्याकडे जबाबदारी सोंपविण्यांत आली. परंतु त्या खात्यानें त्या दिशेनें कांहींच केलें नव्हतें, असें त्याच्या मुख्यानें पुढें सेनेटच्या चौकशींत कबूल केलें. शहरानें आपल्या परीनें काय केलें? तबकड्यांवर एक बोलपट तयार करविला. त्याचा सारांश इतकाच कीं, वादळ आल्यास आपली व्यवस्था आपणच पाहावी, शेजाऱ्यास व आप्तांस विचारून ठेवावें. चर्चसंस्थांच्या मदतीनें एकानें दुसऱ्यास आपल्या मोटारींत जागा द्यावी अशी एक योजनाहि होती. ती नुकती रुजूं लागली होती. तबकड्या वांटल्या जाण्यापूर्वींच वादळ आलें. तहान लागल्यावर विहीर खणूं नये असें आपण म्हणतों. येथें तर विहिरीऐवजीं, आपापली विहीर खणावी असा उपदेशच तेवढा तयार झाला होता!

२३ ऑगस्ट २००५ रोजीं बहामा बेटांजवळ कॅट्रिनाचा उगम झाला. २५ तारखेस तें फ्लॉरिडाच्या किनाऱ्यास लागलें व तो प्रदेश ओलांडून मेक्सिकोच्या आखातांत शिरलें. शुक्रवारीं, २६ तारखेस, त्याचा रोख न्यू ऑर्लिन्सकडे असल्याचें हवामानशास्त्रज्ञांनीं जाहीर केलें व गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनीं राज्यांत आणीबाणी पुकारली. शनिवारीं दुपारीं महामार्ग एकेरी करण्यांत आले. त्या दिवशीं महापौर रे नेगिन यांनीं शहर सोडण्याची विनंति केली, सक्ति केली नाहीं. सक्तीचा हुकूम काढल्यास बंद पडणाऱ्या हॉटेलांच्या व व्यापाराच्या नुकसानीस शहर जबाबदार धरलें जाईल काय, या प्रश्नाचा विचार वकिलांकडून चालला होता. शनिवारीं सायंकाळीं राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे संचालक मॅक्स मेफील्ड यांनीं गव्हर्नरांस व महापौरांस जातीनें टेलिफोन करून धोक्याची कल्पना दिली. एवढें झाल्यावर रविवारीं सकाळीं साडेनऊच्या सुमारास सक्तीचा हुकूम निघाला. सोमवारीं, २९ तारखेस, सकाळीं वादळ किनाऱ्यास लागलें. हुकूम आणि वादळ यांमध्यें एक दिवसाचेंहि अंतर उरलें नव्हतें.

न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, या दोन दिवसांत त्या प्रदेशांतून दहा लाखांहून अधिक माणसें सुखरूप बाहेर पडलीं. इतकें मोठें स्थलांतर इतक्या थोड्या वेळांत क्वचितच कोठें झालें असेल. परंतु हें यश आणि तें अपयश हीं एकाच योजनेचीं दोन अंगें होतीं. योजना मोटारींसाठीं होती. ती मोटारींच्या बाबतींत सिद्धीस गेली. माणूस हा तिचा एकांक नव्हताच.

रविवारीं शहराच्या बसगाड्या फिरल्या नाहींत असें नाहीं. ठिकठिकाणीं माणसें गोळा करून त्या धांवल्या. पण शहराबाहेर नव्हे, तर शहरांतल्याच 'सुपरडोम' या विशाल क्रीडागृहाकडे. त्यास 'शेवटचा आसरा' असें नांव देण्यांत आलें होतें. तेथें त्या रात्रीं सुमारें १०,००० माणसें जमलीं. पुढें ती संख्या दुपटीहून अधिक वाढली. इकडे शाळांच्या शेंकडों बसगाड्या आपल्या आवारांत ओळीनें उभ्या होत्या. त्या चालवावयास चालक नव्हते, चालक मिळते तरी गाड्या कोठें न्यावयाच्या हें ठरलें नव्हतें. दोन दिवसांनीं त्या पिवळ्या छपरांच्या रांगा पाण्यांत बुडालेल्या साऱ्या जगानें छायाचित्रांत पाहिल्या.

सोमवारीं बांध फुटले. कांहीं ठिकाणीं पाणी बांधांवरून उसळून गेलें. परंतु सतराव्या रस्त्याच्या व लंडन ॲव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती पाणी कांठोकांठ येण्यापूर्वींच पायांतून सरकल्या. शहराचा सुमारें ८० टक्के भाग बुडाला. हा दोष शहराचा नव्हे. बांध संयुक्त सरकारच्या लष्करी एंजिनियर-खात्यानें बांधले होते, व रचनेंतील उणीव त्या खात्यानें जून २००६ मध्यें मान्य केली. सुपरडोमचें छप्पर वाऱ्यानें उचकटलें, दिवे गेले, पाणी संपलें. अधिवेशनगृहांत सुमारें २०,००० माणसें जमलीं. तेथें तर अन्नपाण्याची तरतूद मुळींच नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस पुलावरून पायीं नदीपार जाऊं पाहणाऱ्या लोकांस शेजारच्या ग्रेटना गांवच्या पोलिसांनीं बंदुका दाखवून परतविलें. वाहन नव्हतें म्हणून जे मागें राहिले, त्यांस पायहि वापरूं दिले नाहींत.

मृतांची संख्या पुष्कळ वर्षें १,८३३ सांगितली जात असे; २०२३ मध्यें चक्रीवादळ केंद्रानें ती फिरून तपासून १,३९२ ठरविली. संख्या कमी झाली म्हणून अर्थ हलका होत नाहीं. लुइझियानांतील मृतांची पाहणी झाली तींत आढळलें कीं, जवळजवळ निम्मीं माणसें ७५ वर्षांचीं किंवा त्याहून वृद्ध होतीं. सेंट बर्नार्ड भागांतील एकाच वृद्धनिवासांत ३५ जण बुडाले. त्यांस हलविण्यांतच आलें नव्हतें. हे लोक हुकूम मोडणारे बंडखोर नव्हते. त्यांपैकीं अनेकांस अंथरुणावरून उठतांहि येत नव्हतें.

आमच्या वर्गांत हा विषय निघाला म्हणजे पहिला प्रश्न हमखास एकच येतो: “सांगितलें होतें, तर लोक गेले कां नाहींत?” प्रश्न निरागस असतो, पण तोच प्रश्न त्या दिवसांत अधिकारपदस्थांच्या तोंडूनहि निघाला, आणि तेव्हां तो निरागस नव्हता. कांहीं लोक खरोखर हट्टानें राहिले, हें कबूल केलें पाहिजे. मागचीं वादळें हुलकावणी देऊन गेलीं, हेंहि जाईल, असें त्यांनीं मानलें. पण बाकीच्यांचें काय? महिन्याची २८ वी तारीख; पुष्कळांच्या हातीं पेन्शनीचा किंवा मदतीचा धनादेश पडावयाचा तो पहिल्या तारखेस. खिशांत भाडें नाहीं, दारांत मोटार नाहीं, परगांवीं आप्त नाहीं, घरांत अंथरुणाला खिळलेली आई. अशा माणसास 'जा' म्हणून सांगणें ही आज्ञा नव्हे. जी पाळणें शक्य आहे तीच आज्ञा. जी पाळतां येणें शक्यच नाहीं, ती आज्ञा देणाऱ्यानें आपल्या बचावासाठीं लिहून ठेवलेली नोंद होय. पुढें प्रतिनिधिगृह व सेनेट या दोहोंच्या समित्यांनीं २००६ मध्यें आपले अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत शहर, राज्य व संयुक्त सरकार या तिघांच्याहि पदरीं दोष आला. तिघांपैकीं प्रत्येकानें दुसऱ्याकडे बोट दाखविलें. दोष तिघांत वांटला म्हणून कोणाचाच हलका झाला नाहीं, असें आमचें मत आहे.

शहर कांहीं शिकलें काय? शिकलें, हें सांगण्यास आनंद वाटतो. २००८ मध्यें गस्टाव्ह वादळ आलें तेव्हां नेमलेल्या ठिकाणांहून बसगाड्यांनीं व आगगाड्यांनीं सुमारें १८,००० वाहनहीन नागरिकांस शहरानें स्वतः बाहेर नेलें. तीन वर्षांपूर्वीं जें अशक्य म्हटलें जात होतें, तें त्याच महापौरांच्या कारकीर्दींत शक्य झालें. तेव्हां उणीव सामर्थ्याची नव्हती, सिद्धतेची होती. परंतु धडा कधींच पुरा होत नाहीं. २९ ऑगस्ट २०२१ रोजीं, कॅट्रिनाच्या नेमक्या त्याच तारखेस, आयडा वादळ आलें. तें इतक्या झपाट्यानें बळावलें कीं, सक्तीचें स्थलांतर करण्यास वेळच नाहीं, असें शहरानें सांगितलें. नवे बांध टिकले. पण वीज गेली, आणि पुढच्या दिवसांच्या उकाड्यानें वृद्ध माणसें बंद घरांत दगावलीं. शिवाय सात वृद्धनिवासांतील ८०० हून अधिक रहिवाशांस एका गोदामांत नेऊन कोंबण्यांत आलें. त्यांतील कांहीं पुढें वारले. या वेळीं वाहन होतें, पण जेथें न्यावयाचें तें ठिकाण माणसांस राहण्याजोगें नव्हतें.

यावरून स्थलांतर या शब्दाचा खरा अर्थ उमगतो. आज्ञा, वाहन आणि मुक्काम, या तिहींपैकीं एक जरी नसेल तरी उरलेलीं दोन व्यर्थ आहेत. यांपैकीं आज्ञा सर्वांत स्वस्त. एका सहीनें ती निघते. वाहन आणि मुक्काम यांस पैसा लागतो, वर्षभराची मेहनत लागते, आणि वादळ न आलें तर ती मेहनत कोणाच्या डोळ्यांतहि भरत नाहीं. म्हणून नगरशासनाची परीक्षा वादळाच्या दिवशीं होत नाहीं. निरभ्र आकाशाखालीं, एखाद्या साध्या कामाच्या दिवशीं, “आपल्या गांवांत एक लाख लोकांस वाहन नाहीं” ही ओळ लिहून झाल्यावर लिहिणाऱ्यानें पुढची ओळ काय लिहिली, तेथेंच ती होते. न्यू ऑर्लिन्सच्या दफ्तरांत ती पुढची ओळ कोरीच राहिली होती.