जुन्या मोटारींची झिलई आणि इतिहासाचे थर : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि वास्तू यांचे स्मरण होते. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा यांच्याकडे वारसा म्हणून पाहण्याची दृष्टी रुजलेली आहे. विसाव्या शतकातील यंत्रांच्या वाट्याला मात्र ही दृष्टी अभावानेच येते. जुनी मोटार एकतर भंगारात जाते, नाहीतर हौशी मालकाच्या हाती पडून आरशासारखी चकचकीत होते. पहिल्या प्रकारात वस्तू नष्ट होते. दुसऱ्या प्रकारात वस्तू उरते, पण तिच्या अंगावरील पुरावा नष्ट होऊ शकतो. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या धोक्याचा विचार केला आहे. रंगाला झिलई देणे म्हणजे पृष्ठभागात भर घालणे नसून त्यातून काही वजा करणे होय, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र आहे.

झिलई : शब्द आणि व्यवहार

घासून चकाकी आणण्याच्या क्रियेसाठी मराठीत झिलई, ओप, घोटाई, उजाळा असे अनेक शब्द आहेत. चुन्याचा गिलावा घोटताना पृष्ठभाग दाबून गुळगुळीत केला जातो; तेथे द्रव्य फारसे कमी होत नाही. चांदी उजळताना मात्र प्रत्येक वेळी धातूचा सूक्ष्म अंश झिजतो. ‘रजतनगरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खामगावच्या बाजारपेठेला हे वेगळे सांगावयास नको. वारंवार उजळलेल्या भांड्यावरील नक्षी पुसट होत जाते, ती याच कारणाने. मोटारीच्या रंगाची झिलई या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लेपांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. निसर्गात हेच द्रव्य कुरुंद म्हणून आढळते. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे त्याचे नावही द्राविडी भाषांतूनच तिकडे गेले आहे.

मोटारीच्या रंगाचा प्रवास

आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त वार्निशने रंगवल्या जात. थरावर थर देऊन, प्रत्येक थर वाळल्यावर घासून, हे काम कित्येक आठवडे चाले. १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारित ‘ड्युको’ हा रंग बाजारात आणला आणि आठवड्यांचे काम काही तासांवर आले. हा रंग फवारल्यानंतर निस्तेज दिसे. त्यावर लेप चोळूनच चकाकी आणावी लागे. मोटारीच्या कारखान्यात ‘रबिंग’ला जे स्थान मिळाले त्यामागे हे कारण होते. भारतात ‘ड्युको’ हा शब्द इतका रुळला की लोखंडी कपाटाच्या फवारलेल्या रंगालाही तेच नाव मिळाले. पुढे भट्टीत भाजलेले इनॅमल, ॲक्रिलिक लॅकर आणि त्यानंतर रंगाच्या थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धत आली. या घडामोडींना समांतर असा देशी रंगउद्योगही मुंबईत वाढत होता. आजच्या कन्साई नेरोलॅकची पूर्वज कंपनी १९२० मध्ये, तर एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत सुरू झाली.

भारतीय संदर्भ

मध्यम आकाराच्या गाडीत मोठे, आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेली अमेरिकन ‘मसल कार’ १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून प्रसिद्धीस आली. भारताच्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसली, आणि त्याचे कारण धोरणात सापडते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जोडणी सुरू केली होती. परंतु १९४९ मध्ये पूर्ण बनावटीच्या मोटारींच्या आयातीवर बंदी आली आणि १९५३ च्या धोरणानुसार देशांतर्गत उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच व्यवसाय करता येऊ लागला. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी त्यानंतर येथील जोडणी थांबवली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जोडल्या जात. पुढे अमेरिकेत मसल कार म्हणून गाजलेल्या अनेक गाड्या डॉज व प्लिमथ याच नावांनी विकल्या गेल्या. म्हणून मराठी मुलखात या परंपरेचा सर्वांत जवळचा आप्त शोधावयाचा तर तो कुर्ल्याच्या डॉज-प्लिमथमध्ये सापडतो.

रंगदुरुस्तीची प्रक्रिया

दुरुस्तीत प्रथम गाडी भरपूर पाण्याने धुऊन धूळ काढली जाते. रुतून बसलेले लोहकण व डांबराचे ठिपके मऊ मातीसारख्या गोळ्याने उचलले जातात. नंतर मापकाने रंगाची जाडी पाहिली जाते. आधुनिक गाडीवरील पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. फवाऱ्यामुळे पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला असल्यास १००० ते २००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने तो पाण्यात घासतात. मग लोकरीच्या पॅडने जाड कंपाउंड, फोमच्या पॅडने बारीक पॉलिश आणि शेवटी मेण असा क्रम असतो. कडा व उंचवटे यांवर रंग सर्वांत पातळ असतो. तेथे यंत्र क्षणभर जास्त थांबले तरी खालचा प्रायमर उघडा पडतो. पारदर्शक थर नसलेल्या जुन्या रंगाचा अंश तर पॅडवर उतरलेला डोळ्यांना दिसतो. वजाबाकीचा याहून ठळक पुरावा नाही.

बुलढाणा जिल्ह्याचे हवापाणी

पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यास तिच्यातील कठीण कण रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटवतात. जिल्ह्याच्या उत्तर भागातील काही तालुके खारपाणपट्ट्यात मोडतात. तेथील विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की क्षारांचे पांढरे वलय मागे राहते आणि कालांतराने ते रंगात कोरले जाते. हे डाग काढण्यासाठी पुन्हा झिलई करावी लागते व थर आणखी पातळ होतो. म्हणून सावलीत धुणे, गोडे पाणी वापरणे आणि मऊ कापडाने लगेच टिपणे हे साधे उपाय कोणत्याही महागड्या लेपापेक्षा मोलाचे ठरतात.

अस्सलतेचा प्रश्न

१९६० च्या दशकातील कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग आरशासारखा नितळ नसे. क्रायस्लरच्या इनॅमलवर संत्र्याच्या सालीची झाक असेच. ती पूर्णपणे घासून काढणारी दुरुस्ती गाडीला कधीही नसलेले रूप देते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत जतनाला पुनर्निर्मितीपेक्षा वरचे स्थान आहे, ते यासाठीच. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. त्यासाठी सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. रंगाचा प्रश्न मात्र मालक व कारागीर यांच्या विवेकावर राहतो.

या प्रश्नाला स्थानिक परिमाणही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. आज जिल्ह्यातील वाहनांवर ‘एमएच २८’ ही अक्षरे दिसतात. १९५६ पूर्वीच्या वऱ्हाडातील एखाद्या गाडीवर रंगाखाली जुना क्रमांक, मालकाचे नाव वा मूळ रंगाचा थर दडलेला असू शकतो. राज्यपुनर्रचनेची कागदोपत्री हकिकत दप्तरात मिळते. ती एका कुटुंबाच्या दारापर्यंत कशी पोहोचली, याची खूण अशा थरांतच राहते. कारागिराच्या पहिल्या घासणीत ती कायमची जाऊ शकते.

समारोप

झिलई करूच नये, असा या विवेचनाचा अर्थ नाही. गंज लागलेल्या पत्र्याला रंगाचे संरक्षण हवेच, आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिराचे कौशल्यही जपण्याजोगे आहे. तथापि काम सुरू करण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, रंगाची जाडी नोंदवावी, आडबाजूच्या एका छोट्या जागी थर उलगडून त्यांचा क्रम लिहून ठेवावा आणि सर्वांत सौम्य लेपापासून सुरुवात करावी. डिकीच्या झाकणाखालील किंवा दाराच्या आतील मूळ रंग शक्यतो तसाच ठेवावा. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील जुन्या मोटारी, जीप व ट्रॅक्टर यांची अशी नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन हाती येईल. कंपाउंड किती जोराने चोळावे हे हाताला सवयीने कळते. कोठे थांबावे हे कळण्यासाठी त्या थराखाली काय आहे याची जाण लागते.