बेचिराग गावाचं चर्च

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्याला आधी कागद आठवतात. बखरी, सनदा, पत्रव्यवहार वगैरे. आज आपण अशा एका जागेविषयी बोलू, जिथे कागद चार शब्द बोलून गप्प बसतो आणि पुढचं सगळं भिंतींनी आणि हाडांनी सांगितलेलं आहे. ही जागा इंग्लंडमध्ये, यॉर्कशरच्या चुनखडीच्या टेकड्यांत आहे. तिचं नाव व्हॅरम पर्सी.

आपल्या महसुली दप्तरात ‘बेचिराग’ असा एक शब्द येतो. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही, ते बेचिराग गाव. व्हॅरम पर्सी हे अगदी तसं गाव आहे. तिथे आज हिरवं कुरण आहे आणि गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसतात. खालच्या अंगाला सेंट मार्टिनचं चर्च उभं आहे. त्याला छप्पर नाही, मनोरा अर्धा कोसळलेला आहे आणि शेजारी दफनभूमी आहे. गाव गेलं आणि चर्च राहिलं, हे कसं झालं? आजचा आपला प्रश्न हा.

आधी एक खुलासा. हे ‘पॅरिश’ चर्च होतं. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात, आणि तो शब्द फार नेमका आहे. पॅरिश म्हणजे नुसती इमारत नव्हे. एका चर्चला बांधलेल्या माणसांचा तो समूह असतो. बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे आणि शेवटची मूठमातीही तिथेच. व्हॅरमच्या धर्मग्रामात स्वतः व्हॅरम धरून पाच गावं होती.

या चर्चच्या भिंती म्हणजे एक प्रकारची खानेसुमारीच आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास इथे लहानसं लाकडी चर्च होतं. त्या जागी दगडी आलं आणि बाराव्या शतकात ते आणखी मोठं झालं. पुढे माणसं मावेनात म्हणून दोन्ही बाजूंना कमानी फोडून पडव्या काढल्या. नंतर उलटा प्रवास सुरू झाला. पडव्या पाडल्या आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही स्पष्ट दिसतात. गाव वाढलं तसं चर्च रुंदावलं, आणि गाव ओसरलं तसं ते आकसलं. कुणी मुद्दाम लिहून ठेवलेलं नाही, पण वाचता येतं.

आता गाव का ओसरलं? लोक चटकन सांगतात, १३४९ ची प्लेगची साथ. ‘काळा मृत्यू’ आला, गाव मेलं, संपलं! पण हे खरं नाही. साथीनं माणसं पुष्कळ गेली हे खरंच. तरी १३६८ मध्ये तिथे सुमारे ३० घरं नांदती होती. गाव संपलं ते जवळपास दीडशे वर्षांनी, आणि त्याला कारण मेंढ्या. लोकरीला भाव होता. मजुरी महागली होती. नांगरटीला अनेक हात लागतात, कुरण राखायला एक मेंढपाळ पुरतो. जमीनदारानं हिशेब केला आणि कुळांना उठवलं. १५१७ मध्ये सरकारनं अशा उठवलेल्या गावांची देशभर चौकशी केली. तिच्यात व्हॅरमची नोंद आहे : ४ घरं पाडली, ४ नांगर बंद पडले. बस्स, कागद एवढंच बोलतो.

आम्ही इथे मुद्दाम थांबतो. ‘साथीनं गेलं’ म्हटलं की दोष दैवाचा होतो, आणि दैवाला कोण जाब विचारणार? ‘उठवलं’ म्हटलं की कुणीतरी माणूस उभा राहतो, ज्यानं ठरवलं, आणि ज्याला वेगळंही ठरवता आलं असतं. इतिहासात कारण शोधणं हा नुसता माहितीचा प्रश्न नसतो, तो जबाबदारीचाही असतो.

मग चर्च का टिकलं? कारण धर्मग्राम मेला नव्हता. त्याच धर्मग्रामातलं थिक्सेंडेल हे गाव शाबूत होतं. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या टेकड्यांतून चालत या ओसाड जागी येत. मूल झालं की येत, कुणी गेलं की त्याला घेऊन येत. १८७० मध्ये थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि वाट मोडली. १९४९ मध्ये व्हॅरमला शेवटची उपासना झाली, आणि १९५९ मध्ये मनोरा ढासळला. म्हणजे गाव उठल्यावरही चर्च जवळपास साडेचारशे वर्षं उभं होतं. ते पडलं ते माणसं यायची थांबल्यावर. छपराला माणसाची ये-जा लागते, हे आपल्याकडच्या कुठल्याही बंद वाड्याला विचारा!

मॉरिस बेरेसफोर्ड आणि जॉन हर्स्ट या दोन अभ्यासकांनी तिथे १९५० पासून १९९० पर्यंत, चाळीस उन्हाळे, खोदकाम चालवलं. दफनभूमीतून आणि चर्चमधून ६८७ सांगाडे मिळाले. बहुतेक साधी कुणबी माणसं. त्यांच्या हाडांवरून किती कळावं! दहा वर्षांचं मूल आजच्या मुलापेक्षा जवळजवळ २० सेंटिमीटर बुटकं. आया मुलांना दीड-दोन वर्षं अंगावर पाजत. आणि एक माणूस, साधारण हजार वर्षांपूर्वीचा. डोक्यावर जबर घाव बसलेला, कवटी कुणीतरी कौशल्यानं उघडून मेंदूवरचा दाब कमी केलेला, आणि हाड पुन्हा भरून आलेलं. म्हणजे तो जगला! शेतकऱ्यांच्या गावात ही शस्त्रक्रिया झाली आणि ती करणाऱ्याचं नाव कुठेही नाही.

आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक टोचणी लागते. ही माणसं पुनरुत्थानाच्या आशेनं पुरली गेली होती. आपण त्यांना उकरलं, मोजलं, खोक्यांत ठेवलं. तो हक्क आपल्याला कुणी दिला? सोपं उत्तर आमच्याकडे नाही. पण एवढं म्हणू : त्यांच्या काळात त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं, ते ४ घरं आणि ४ नांगर. हाडं वाचली म्हणून आज त्यांची भूक, त्यांची दुखणी, त्यांच्यातलं एखादं बरं झालेलं माणूस आपल्याला ठाऊक आहे. उकरण्याचं ऋण फेडायचं असेल तर निदान त्यांची गोष्ट खरी सांगावी. ती माणसं साथीनं संपली नाहीत, त्यांना उठवलं गेलं, हे बोलावं.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.