साथीचे रोग आणि आमचीं विद्यापीठें

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा सरकारी दप्तरांतून लिहिला जातो. किती माणसें दगावलीं, किती घरें मोकळीं केलीं, कोणत्या कलेक्टरानें कोणता हुकूम काढला, एवढें सांगून तो थांबतो. त्या दिवसांत आपलीं विद्यापीठें काय करीत होतीं, प्राध्यापकमंडळी कोणत्या उद्योगांत होती, एखाद्या प्रयोगशाळेंत दिवा जळत होता कीं नव्हता, ही चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती करण्यासारखी आहे असें मला वाटतें. आणि ती बीड जिल्ह्यांत बसून केली तर अधिक फलद्रूप होईल. विद्येचीं साधनें ज्या मुलखांत उशिरां पोंचलीं, तेथूनच त्यांचें खरें मोल दिसतें. १८९६ चा प्लेग, १९१८ ची मानमोडी आणि २०२० चा कोविड, या तीन प्रसंगीं बीडच्या माणसापासून विद्या किती दूर होती, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रारंभ मुंबईपासून केला पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीच्या वस्तींत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें. हे गृहस्थ गोमंतकीय, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठ त्या वेळीं एकुणचाळीस वर्षांचें होतें. परंतु विद्यापीठ या शब्दानें आज आपल्या डोळ्यांपुढें जें उभें राहतें तें त्या काळीं नव्हतेंच. परीक्षा घ्याव्या, पदव्या द्याव्या, वर्षाकांठीं एक समारंभ करावा, इतकेंच त्याचें काम. स्वतः अध्यापन करण्याचा आणि संशोधनाची सोय करण्याचा अधिकार हिंदी विद्यापीठांना १९०४ च्या कायद्यानें मिळाला. म्हणजे साथ येऊन दारांत उभी राहिली तेव्हां मुंबई विद्यापीठाजवळ हजारों पदवीधर होते, पण सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहून विचार करील असें स्वतःचें एकही ठिकाण नव्हतें.

जें होतें तें ग्रँट मेडिकल कॉलेजजवळ होतें, आणि तेंही थोडेंच. ऑक्टोबर १८९६ मध्यें सरकारनें व्हाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलाविलें. ओडेसा येथें जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत तयार झालेला. पटकीवरील लस घेऊन तो १८९३ पासून हिंदुस्थानांत हिंडत होता. कॉलेजनें त्याला एक लहान खोली आणि तिच्यालगतचा बोळ दिला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतु यर्सिन यानें १८९४ मध्यें हाँगकाँग येथें ओळखला होता. तो जंतु मोठ्या प्रमाणावर वाढवून, मारून, माणसाच्या अंगांत टोंचण्याजोगा करणें हें हाफकिनचें काम. त्यानें योजलेली रीत मोठी मनोरंजक आहे. मांसाच्या सूपांत जंतु सोडावे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावे. जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून सुरू होई आणि तेथून बारीक धाग्यांसारखी खालीं लोंबूं लागे. भांडें हालविलें कीं धागे तुटून तळाशीं बसत, आणि वर पुन्हां नवे धागे धरत. मग तें सर्व तापवून जंतु मारीत. लोकांच्या धर्मभावना दुखावूं नयेत म्हणून सूप बोकडाच्या मांसाचें केलें होतें. आपल्या स्वयंपाकघरांतील तूप जंतुशास्त्राच्या कामीं आलें, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीनें तरी यावयास हवी होती.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननें ती लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. मात्रा दहा घन सेंटिमीटर, म्हणजे पुढें लोकांना देत त्याच्या कितीतरी पट. कॉलेजचे प्रिन्सिपल साक्षी होते. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत साथ शिरली, तेव्हां जे कैदी राजीखुषीनें पुढें आले त्यांना लस टोंचण्यांत आली. टोंचलेल्यांत रोगाचें प्रमाण स्पष्टपणें कमी आढळलें. लोक याला तीन महिन्यांतील चमत्कार म्हणतात. मला तसें म्हणवत नाहीं. पाश्चर संस्थेंत शिकलेली शिस्त आणि पटकीच्या लशीचा अनुभव हें भांडवल जवळ नसतें, तर त्या खोलींतून तीन महिन्यांत कांहींच निघालें नसतें. साथ ही शास्त्रज्ञ निर्माण करीत नाहीं. ती येते तेव्हां जो तयार असतो त्याला कामाला लावते.

त्या बुद्धीला या देशानें दिलेलें बक्षीसही सांगितलें पाहिजे. ऑक्टोबर १९०२ मध्यें पंजाबांतील मलकोवाल गांवीं लस टोंचलेल्यांपैकीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मेलीं. सर्वांना एकाच बाटलींतील लस दिलेली होती. दोष प्रयोगशाळेच्या माथीं मारण्यांत आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केलें. बाटली उघडतांना गांवांतच ती दूषित झाली असावी, हें म्हणणें मान्य व्हावयास पुढें कित्येक वर्षें गेलीं. १९०७ मध्यें रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत त्यांची बाजू मांडली तेव्हां कोठें कलंक धुतला गेला. त्यांची प्रयोगशाळा मात्र टिकली. १८९९ मध्यें ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली, आणि १९२५ मध्यें तिला हाफकिन यांचें नांव मिळालें. आजही ती तेथेंच आहे.

पुण्याकडची वार्ता निराळ्या जातीची आहे. रँडचा अंमल, घरझडत्या, २२ जून १८९७ ची रात्र, हें सारें वाचकांस ठाऊक आहे. मी तें पुन्हां सांगत नाहीं. त्याच वर्षांत फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असलेल्या प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याकडे पाहावें. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि लागलीच शहरांत प्लेग आला. दरवर्षीं साथ परतूं लागली तेव्हां मुलींना दाट वस्तींत ठेवणें धोक्याचें होऊन बसलें. १९०० मध्यें आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. प्राध्यापक मात्र कॉलेजचेच राहिले. दिवसां कॉलेजांत गणित आणि संध्याकाळीं पायीं हिंगणें, असा क्रम त्यांनीं चालविला. याला कोणी संशोधन म्हणणार नाहीं. पण साथीनें एका अध्यापकाला गांवाबाहेर ढकललें, आणि त्या माळावर पुढें महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाची एक मोठी संस्था वाढली, ही विद्यापीठीय इतिहासांतलीच गोष्ट आहे. याच प्लेगच्या वर्षांत, १८९९ मध्यें, त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. घरोघर उंदीर पडत असलेल्या त्या दिवसांत ही आनंदवार्ता लोकांना केवढी हवीशी वाटली असेल!

आतां बीडकडे वळूं. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. ब्रिटिश मुलखांतला १८९७ चा साथरोगांचा कायदा तेथें आपोआप लागू होत नसे, आणि मुंबईंतली लसही तशी सहज पोंचत नसे. जिल्ह्यांत एकही कॉलेज नव्हतें. मराठी मुलखांतल्या खेडुताजवळ एकच शास्त्र होतें, आणि तें वाडवडिलांच्या अनुभवाचें झालें होतें: घरांत उंदीर पडूं लागले म्हणजे गांव सोडावें आणि रानांत झोंपड्या घालून राहावें. शिकलेले लोक याला भय म्हणत. पण १८९८ मध्यें पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञानें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू रोग वाहून नेते. त्यावर बरींच वर्षें कोणी विश्वास ठेविला नाहीं. पुढें परळच्या प्रयोगशाळेंत लिस्टन आदींनीं केलेल्या प्रयोगांनीं तें सिद्ध झालें. गांव सोडणारा शेतकरी पिसूपासूनच दूर जात होता. त्याला कारण माहीत नव्हतें, उपाय माहीत होता. अशा ज्ञानाची नोंद करावयास त्या बाजूला एखादा प्राध्यापक असता तर दहा वर्षें वांचलीं असतीं, असें माझ्या मनांत कधीं कधीं येतें.

१९१८ च्या मानमोडीविषयीं थोडक्यांतच सांगतां येईल. हिंदुस्थानांत तिनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. शास्त्र त्या वेळीं खरोखर हतबल होतें. या रोगाचा विषाणु १९३३ मध्यें लंडनला सांपडला. तोंवर डॉक्टर भलत्याच जंतूला दोषी धरून बसले होते. योगायोग असा कीं, हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ त्याच १९१८ सालचें. शास्त्रें देशी भाषेंत शिकविण्याचा तेथील प्रयोग मोठा होता, आणि त्याचें श्रेय मोकळ्या मनानें दिलें पाहिजे. पण ती भाषा उर्दू होती. बीडच्या मराठी मुलानें एक तर घरची भाषा सोडून हैदराबादेस जावें, नाहीं तर राज्य सोडून पुण्यास जावें. दोन्ही वाटा दूरच्या.

बीड निजामी अमलांतून १९४८ मध्यें सुटलें, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ निघालें. पुढें १९७४-७५ च्या सुमारास अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालें. त्याला नांव दिलें तें स्वामी रामानंद तीर्थांचें, आणि तें उचितच होतें. गांवाला मोमिनाबाद म्हणत त्या काळीं तेथील शाळेंत स्वामीजींनीं शिकविलें होतें. या दोन्ही संस्था काढतांना पुढें येणाऱ्या साथीचा विचार कोणाच्या स्वप्नींही नव्हता.

मार्च २०२० मध्यें कोविड महाराष्ट्रांत आला. सरकारनें तोच १८९७ चा कायदा पुन्हां बाहेर काढला. आमच्या जिल्ह्यांतील लाखों माणसें तेव्हां पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकांत ऊस तोडीत होतीं. गाळप संपत आलें, वाटा बंद झाल्या, आणि एप्रिलांत परवानगी मिळाली तेव्हां बायकामुलांसह हे तांडे गांवीं परतले. प्रारंभीं राज्यांतील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जात. १९५२ मध्यें स्थापन झालेली ही संस्था होती म्हणूनच त्या मार्चांत हिंदुस्थानांत हा विषाणु वेगळा करतां आला. पण एका पुण्यावर राज्याचें कसें भागणार?

येथें आपल्या विद्यापीठाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांत पॉल हेबर्ट यांच्या नांवाचें डीएनए बारकोडिंगचें एक केंद्र आहे. जनुकाचा एक लहान तुकडा वाचून प्राण्याची जात ओळखणें हें तेथलें काम; डॉ. गुलाब खेडकर आणि त्यांचे सहकारी माशांच्या जातींवर तेथें संशोधन करीत. नदींतल्या माशाची जात ओळखून जगाचें काय भलें होणार, असें विचारणारे आमच्यांत पुष्कळ. परंतु माशाच्या जनुकाच्या असंख्य प्रती काढणारें यंत्र आणि तें हाताळणारी सवयीचीं माणसें विषाणूच्याही कामीं येतात. २०२० मध्यें विद्यापीठानें कोविडच्या तपासणीची प्रयोगशाळा उभारली ती या तयारीवर. उस्मानाबादच्या, म्हणजे धाराशिवच्या उपकेंद्रांतही तशीच सोय झाली. आणि अंबाजोगाईच्या महाविद्यालयांत तपासणी होऊं लागली, तेव्हां बीडच्या रोग्याचा नमुना प्रथमच जिल्ह्याच्या सीमेंत तपासला जाऊं लागला.

बाकीच्या प्राध्यापकांच्या वार्ता इतक्या अभिमानाच्या नाहींत. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यांत घरबसल्या व्याख्यानांचा महापूर आला आणि प्रत्येकाजवळ प्रमाणपत्रांची चळत जमली. मींही त्यांतलीं कांहीं ऐकलीं. पैकीं दोनतीन चांगलीं होतीं. माझ्या वर्गांतलीं कित्येक मुलें मात्र अशा वस्त्यांवर होतीं कीं, जेथें फोनवर धड बोलणें ऐकूं येत नसे, मग तास कुठला? शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यावी कीं नाहीं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ ऑगस्ट २०२० रोजीं निकाल लागला कीं, परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं. ऑक्टोबरांत परीक्षा झाल्या. १८९६ च्या विद्यापीठाला जें एकच काम येत असे, तेंच आम्हीं त्या वर्षीं सर्वांत मोठ्या निष्ठेनें केलें.

दुसरी लाट एप्रिल २०२१ मध्यें आली, आणि ती पहिलीहून क्रूर होती. तपासणी आतां जवळ आली होती, लसही निघाली होती. ज्या पुण्यांत प्लेगच्या लशीला लोक भीत, तेथेंच ती बनत होती. पण खाटा पुरेनात, प्राणवायु पुरेना. त्या महिन्याच्या २५ तारखेस अंबाजोगाईच्या रुग्णालयांतून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेंतून स्मशानांत नेण्यांत आले. देशभर त्याची वार्ता झाली. रुग्णवाहिका पुरेशा नव्हत्या, असें कारण सांगण्यांत आलें. आणि तें खरेंही होतें.