बिननावाचा बिल्ला

चाळिशीत माणसाला चष्मा लागतो. मला पदकं लागली. नांदेडला बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि रविवारी सराफ्यात जाऊन स्वतःचे घालवायचे, असा माझा जमाखर्च. सौभाग्यवतींच्या मते यात जमा काहीच नाही.

परवा लातूरला गंजगोलाईत मोडीच्या चांदीत मला १९११च्या दिल्ली दरबाराचं पदक सापडलं. जुन्या रुपयाहून मोठं. पुढे पंचम जॉर्ज आणि मेरी राणी, मागे फारसी मजकूर. १२ डिसेंबरला बादशहाने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेत असल्याचं जाहीर केलं, तोच हा दरबार. आमचे निजाम, मीर उस्मान अली खान, ऑगस्टातच गादीवर बसलेले. तेही मुजऱ्याला हजर होते. सयाजीराव गायकवाडांनी मात्र जुजबी मान लववली आणि पाठ फिरवून परतले, म्हणून केवढा गहजब झाला! सोन्याची पदकं सुमारे २००, संस्थानिकांना आणि बड्या साहेबांना. चांदीची २६ हजारांवर.

फारसी वाचून घ्यायला लातुरातच मामांकडे गेलो. मामा नव्वदीचे, निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेले. भिंग लावून म्हणाले, "हिंदुस्थानचा बादशहा, ब्रिटिश मुलखाचा धनी पंचम जॉर्ज, त्याचा दरबार."

"आणि हे मिळालं कुणाला?"

"भाच्या, नाव कुठंय यावर?"

खरंच नव्हतं. ही पदकं नाव न कोरताच वाटली गेली. मुजरा घेणाऱ्याचं नाव राहिलं, करणाऱ्याचं गेलं. बँकेच्या भाषेत, बेवारस ठेव.

मामा उठले आणि देवघरातून तांब्याचा एक पत्रा घेऊन आले. आजोबा १९३८च्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. स्वातंत्र्याच्या पंचविशीला, १९७२ साली सरकारनं दिलेलं हे ताम्रपत्र. आजीनं दर दसऱ्याला चिंच लावून घासून घासून अक्षरं पुसट केलेली. पण आजोबांचं नाव बोटाला लागत होतं.

"सराफ याचे काय देईल रे?" मामांनी विचारलं.

मी मनात तांब्याचा भाव लावला आणि लाजलो. "काही नाही, मामा."

"बरंय. मग चोर नेत नाही."

घरी येऊन संग्रहाच्या वहीत पदक चढवलं. 'कुणाचे' हा रकाना कोरा राहिला. खालच्या ओळीत ताम्रपत्र लिहिलं, आजोबांच्या नावानं. वस्तू मामांकडेच राहील. नोंद तेवढी माझी.

सौ.नं मागून वहीत डोकावलं. "याचे किती मोजले?"

"आपण काहीच नाही. आजोबांनी सहा महिने."

त्या रविवारी पहिल्यांदाच तिनं न मागता चहा दिला.