अपडाउनची वर्षं आणि तिजोरीची किल्ली

२०२३ च्या जुलैत फ्लाइंग राणीचे डबल डेकर डबे गेले, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी जुने फोटो टाकले होते. १९७९ पासूनचे ते डबे, पत्त्यांचे डाव, भजनं, सगळं खरं. पण मला आठवते ती पाठ.

१९९१ मध्ये माझी बदली वापीला झाली. सुरत ते वापी साधारण ९५ किलोमीटर. हिची इथे शाळेत नोकरी, मुलं शिकत होती, मग बिऱ्हाड कसं हलवणार? सहा वर्षं अपडाउन केलं. सकाळी सहाला उधन्याच्या घरातून निघायचं. संध्याकाळी हिशोब जुळला तर आधीची गाडी, नाही जुळला तर मुंबईहून येणारी फ्लाइंग राणी. म्हणजे सुरतेला उतरेपर्यंत साडेदहा. मुलं जागी दिसायची ती फक्त रविवारी.

बँकेबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. एक हेड कॅशियरकडे, एक माझ्याकडे. मी पोचलो नाही तर तिजोरी उघडत नाही आणि काउंटरवर पैसे नाहीत. रजा घ्यायची तर आदल्या दिवशीच किल्लीचा रीतसर चार्ज द्यायला हवा, आणि ताप काही आदल्या दिवशी कळवून येत नाही. अंगात ताप घेऊन कितीदा गेलो, मोजलं नाही. गर्दीत संडासापर्यंत पोचता येत नसे म्हणून सकाळपासून पाणीच कमी प्यायचो. तिसऱ्या वर्षी मूतखडा. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी किती पिता?"

तरी मी पगारी माणूस. आमच्या मागच्या चाळीत अमळनेरकडचा एक लूम कारागीर राहायचा. तापी व्हॅली लाइनने आलेली आपली खानदेशी मंडळी लिंबायत, उधना, डिंडोलीत राहिली ती कारखाने जवळ होते म्हणून. त्याचा कारखाना सचिनला गेला. बारा तासांची पाळी आणि वर जाता-येता सायकल. एकदा रातपाळीहून येताना सायकलवरच डोळा लागला आणि पडला. पंधरा दिवस खाडा. मजुरी मीटरवर, त्यामुळे पंधरा दिवस शून्य. मला मूतखड्यासाठी पगारी रजा मिळाली होती. हिशोब शिकलेला माणूस मी, पण हा फरक मला त्याच्या खाटेशी बसल्यावर कळला.

मग सप्टेंबर १९९४, प्लेग. टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब, स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही. सकाळी गाडीला लोंबकळत सुरत सोडणारी माणसं, त्यांच्यातच मी, आणि रात्री जवळजवळ रिकाम्या डब्यातून परत. ही म्हणाली, "अहो, निदान आता तरी रजा टाका." पण किल्ली माझ्या खिशात. शाखेत कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त माझं टेबल खिडकीपाशी सरकवलेलं होतं, चहा वेगळ्या कपात येऊ लागला, आणि सकाळी कॅशियर मला आधी एकट्याला आत जाऊ द्यायचा, माझी किल्ली फिरवून मी बाहेर आलो की मग तो जायचा. भीती सगळ्यांनाच होती, त्यांना दोष देत नाही. पण "तुम्ही घरी थांबा, चार्ज आम्ही घेतो" असं वरून कोणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

निवृत्तीच्या वेळी पूर्ण २४० दिवसांच्या शिल्लक रजेचे पैसे मिळाले. सत्काराच्या भाषणात साहेबांनी माझ्या हजेरीचं कौतुक केलं. ही पहिल्या रांगेत बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर त्या पैशांचं काय करायचं विचारलं तर म्हणाली, आधी कमरेचा एक्स-रे काढा.

त्या काळात वापी, वलसाड किंवा अंकलेश्वरला अपडाउन करणारे कोणी इथे असतील तर कुठल्या डब्यात बसायचात ते जरूर लिहा.